विजेचा उलटा लिलाव

भुसावळकरांस वीज ही परकी वस्तु नाहीं. शहराजवळच दीपनगरचीं धुराडीं उभीं आहेत, रेल्वेच्या तारा गांवावरून गेल्या आहेत आणि तापीकांठच्या केळीच्या बागा विजेच्या पंपांवर जगतात. परंतु वीज कोळशाची असो, वाऱ्याची असो वा उन्हाची असो, ती घरांत व शेतांत कोणत्या भावानें येणार हें धुराड्याखालीं ठरत नाहीं. तें एका कागदावर ठरतें. त्या कागदास बोलभाषेंत टेंडर म्हणतात, सरकारी मराठींत निविदा. ही निविदा कशी निघते, ती भरणारा कशाचा हिशेब करितो, आणि सर्वांत कमी दर सांगणारास काम दिलें म्हणजे लोकांचें हित साधलेंच काय, हें प्रत्येक वीजग्राहकानें समजून घेण्याजोगें आहे.

सार्वजनिक विजेच्या निविदा मुख्यतः दोन जातींच्या असतात. पहिल्या जातींत सरकारी कंपनी स्वतःचें केंद्र बांधून घेते. केंद्र तिचें, कर्ज तिचें. मक्तेदार काम पुरें करितो आणि हमीची मुदत संपली कीं निघून जातो. दीपनगर येथील ६६० मेगावॅटच्या नव्या संचाचें काम महानिर्मितीनें २०१८ सालीं भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या कंपनीस दिलें, तें या जातीचें. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें महानिर्मितीचें १२५ मेगावॅटचें सौरकेंद्र २०१३ सालीं सुरू झालें, तेंही याच जातीचें. त्यासाठीं जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास-बँकेनें कर्ज दिलें होतें. दुसऱ्या जातींत सरकार केंद्र विकत घेत नाहीं, वीज विकत घेतें. जमीन मिळविणें, पैसा उभा करणें, यंत्रें आणणें व तीं चालविणें हें सारें विकणाराकडे. सरकारी वीजकंपनी त्याच्याशीं बहुधा पंचवीस वर्षांचा करार करिते आणि युनिटामागें ठरलेला दर देते. वाऱ्याच्या व उन्हाच्या विजेचा बराचसा व्यवहार आज या दुसऱ्या जातीचा आहे.

आरंभीं मात्र ही वीज बोली लावून घेत नसत. साक्रीच्या माळावर, ब्राह्मणवेलच्या आसपास, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहूं लागल्या त्या ठरीव दराच्या भरंवशावर. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानें २००३ सालीं नव्या पवनचक्क्यांसाठीं पहिल्या वर्षीं युनिटास साडेतीन रुपये, आणि पुढें तेरा वर्षांच्या करारांत दरसाल पंधरा पैसे वाढ, असा दर बांधून दिला. या हिशेबानें तेराव्या वर्षीं दर पांच रुपये तीस पैशांवर जातो. जर्मनीनेंही २००० सालच्या कायद्यानें हाच मार्ग धरिला होता. जो कोणी चक्की वा सौरपट्ट उभारील त्याची वीज ठरीव दरानें वीस वर्षें घेतलीच पाहिजे, असा तो कायदा. या पद्धतीचा गुण असा कीं, लहान माणसालाही धंद्यांत उतरतां येतें. जर्मनींत शेतकऱ्यांनीं व गांवोगांवच्या सहकारी मंडळ्यांनीं स्वतःच्या चक्क्या उभारल्या त्या यामुळेंच. दोष असा कीं, यंत्रें स्वस्त झालीं तरी दर लगेच उतरत नाहीं, आणि मधला फरक ग्राहकाच्या बिलांतून जात राहतो.

हा फरक वांचविण्यासाठीं उलटा लिलाव आला. बाजार-समितींत मालाचा लिलाव होतो तेव्हां घेणारे अनेक असतात. ते भाव चढवितात आणि सर्वांत जास्त बोलणारास माल मिळतो. विजेच्या लिलावांत घेणारा एक आणि विकणारे अनेक. म्हणून बोली उतरत जाते. आधीं प्रत्येकाची पात्रता व बयाणा तपासतात, मग बंद बोली घेतात, आणि शेवटीं पात्र ठरलेले विक्रेते संगणकासमोर बसून दर पैशापैशानें खालीं नेतात. ठराविक वेळांत कोणी आणखी उतरला नाहीं कीं लिलाव मिटला. २०१० सालीं राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालें तेव्हां केंद्रीय आयोगाचा हिशेबी दर युनिटास १७ रुपये ९१ पैसे होता. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या पहिल्या लिलावांत सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैसे आली. पुढच्या वर्षीं ७ रुपये ४९ पैसे. आणि मे २०१७ मध्यें राजस्थानांतील भडला येथील सौर-उद्यानासाठीं २ रुपये ४४ पैसे. वाऱ्याचेंही तेंच झालें. महावितरणनें मार्च २०१८ मध्यें पवन-विजेचा लिलाव केला, त्यांत दर २ रुपये ८५ पैशांच्या आसपास येऊन थांबला. पंधरा वर्षांपूर्वींच्या साडेतीन रुपयांशीं तो ताडून पाहिला म्हणजे फरक ध्यानांत येतो.

ही सारी करामत चढाओढीचीच होती असें मात्र नव्हे. सौरपट्टांच्या किंमती जगभर कोसळल्या होत्या, आणि भडल्यासारख्या ठिकाणीं जमीन व तारा यांची सोय आधींच करून ठेविली होती. लिलावानें एवढेंच केलें कीं, ही स्वस्ताई विकणाराच्या खिशांत न राहतां घेणारापर्यंत पोंचली.

आतां बोली बोलणाराचा हिशेब पाहूं जातां एक गोष्ट प्रथम दिसते. कोळशाच्या केंद्रास रोज कोळसा लागतो. उन्हास व वाऱ्यास किंमत पडत नाहीं. म्हणून सौरकेंद्राचा जवळजवळ सारा खर्च पहिल्या दिवशींच होतो, आणि पुढचीं पंचवीस वर्षें तो खर्च व त्यावरील व्याज फेडण्यांत जातात. व्याज एक-दोन टक्क्यांनीं वाढलें तरी युनिटाचा दर हलतो. सावकार व्याज ठरवितांना विचारतो: घेणारी कंपनी बिलाचे पैसे वेळेवर देईल काय? जमीन निर्वेध आहे काय? तारा वेळेवर येतील काय? मध्येंच कर बदलला तर भार कोणी सोसावयाचा? हा शेवटचा प्रश्न पोकळ नाहीं. जुलै २०१८ मध्यें परदेशी सौरपट्टांवर २५ टक्के संरक्षक शुल्क बसलें, तेव्हां ज्यांनीं आधींच बोली लाविली होती त्यांचा हिशेब एका दिवसांत बदलला. करारांत अशा बदलाची तरतूद स्पष्ट असेल तर विक्रेता निर्धास्तपणें कमी बोलतो. ती संदिग्ध असेल तर भीतीची किंमत तो दरांत मिळवितो. म्हणजे निविदेंतील अटी जितक्या स्वच्छ, तितकी वीज स्वस्त.

येथेंच कमी दराचें खरें स्वरूप उघड होतें. कमी बोली म्हणजे वीज नव्हे; तें विजेचें वचन आहे. वचन आणि वीज यांमध्यें किती अंतर पडूं शकतें याचा धडा इंग्लंडनें दोनदां घेतला. १९९० पासून १९९८ पर्यंत तेथें अशाच बोलींच्या पांच फेऱ्या झाल्या. दर झपाट्यानें उतरले, वाहवा झाली. परंतु करार मिळालेल्या केंद्रांपैकीं पुष्कळ केंद्रें कधींच उभीं राहिलीं नाहींत, कारण न बांधणारास दंडच नव्हता. पुढें २०२२ सालीं स्वीडनच्या सरकारी मालकीच्या व्हॅटनफॉल कंपनीनें नॉर्फोक बोरियास या समुद्रांतील पवनकेंद्राचा करार जिंकला आणि खर्च चाळीस टक्क्यांपर्यंत वाढला म्हणून पुढच्याच वर्षीं काम थांबविलें. त्यानंतरच्या, २०२३ सालच्या फेरींत सरकारनें समुद्री पवन-विजेस मेगावॅट-तासामागें ४४ पौंड, तेही २०१२ च्या किंमतींनीं, अशी वरची मर्यादा घातली. परिणाम असा कीं, त्या विजेसाठीं एकही बोली आली नाहीं. मर्यादा ७३ पौंडांवर नेली तेव्हां, २०२४ सालीं, बोलणारे परत आले. फार सैल निविदेनें वचनें मिळतात, वीज मिळत नाहीं. फार आवळलेल्या निविदेनें वचनेंही मिळत नाहींत.

वचन केवळ विकणारानेंच पाळावयाचें असें नाहीं. घेणाराचेंही वचन असतें. आंध्र प्रदेशांत २०१९ सालीं सरकारनें पवन व सौर विजेच्या जुन्या करारांतील दर पुन्हां उघडून पाहण्याचें ठरविलें. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि मार्च २०२२ मध्यें उच्च न्यायालयानें करारांतील दरच दिले पाहिजेत असा निर्णय दिला. मधल्या काळांत सावकार साऱ्या देशाकडेच साशंक नजरेनें पाहूं लागले, ही त्या प्रकरणाची न दिसणारी किंमत होय.

युरोपांत सार्वजनिक खरेदीचे नियम यासाठींच काटेकोर केले आहेत. युरोपीय संघानें २०१४ सालीं पाणी, वीज, वाहतूक व टपाल या सेवांच्या खरेदीसाठीं स्वतंत्र नियमावली केली. ठराविक रकमेच्या वरची निविदा संघाच्या राजपत्रांत प्रसिद्ध करावी लागते, म्हणजे पोर्तुगालचा मक्तेदार पोलंडांतील कामासाठीं बोलूं शकतो. निवड करितांना किंमतीबरोबर गुणवत्ता, यंत्राचा आयुष्यभराचा खर्च आणि परिसरावरील परिणाम यांचाही विचार करतां येतो. मात्र कशास किती महत्त्व हें आधींच जाहीर करावें लागतें. निकाल लागल्यावर करार करण्यापूर्वीं किमान दहा दिवस थांबावें लागतें, ज्यायोगें हरलेल्या बोलणारास दाद मागतां यावी. आपल्याकडे २००३ च्या वीज कायद्यानें हें काम नियामक आयोगाकडे दिलें आहे. लिलाव पारदर्शक रीतीनें व केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें झाला असेल तर कलम ६३ प्रमाणें आयोग त्याचा दर स्वीकारतो.

खानदेशापुरतें बोलावयाचें तर या कागदांशीं सर्वांत निकटचा संबंध शेतकऱ्याचा आहे. शेतीच्या वाहिनीस कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं वीज, अशी पाळी वर्षानुवर्षें चालत आली. रावेर-यावलच्या बागाईतदारास ऐन थंडींत मध्यरात्रीं पाणी धरावें लागतें. अंधार, साप व विंचू हे त्याचे सोबती. दिवसा वीज देण्यासाठीं महाराष्ट्रांत सौर कृषिवाहिनी योजना निघाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्राच्या जवळ लहान सौरकेंद्रें उभारावयाचीं आणि त्यांची वीज दिवसा थेट शेतीच्या वाहिनीस द्यावयाची, अशी ही योजना. त्यासाठींच्या बोली युनिटास सुमारें तीन रुपयांवर आल्या. भाड्यानें जमीन देणारास हेक्टरीं दरसाल सव्वा लाख रुपये व त्यांत दरवर्षीं तीन टक्के वाढ असा दर ठरला. आंकडे चांगले आहेत. परंतु ज्या गांवचें केंद्र मुदतींत उभें राहणार नाहीं, त्या गांवचा शेतकरी आणखी एक हिंवाळा रात्रीं बांधावर उभा राहील. तीन रुपयांचा दर त्याच्या उपयोगाचा नाहीं.

आणि दराच्या आंकड्यांत न दिसणारीही किंमत असते. धुळें जिल्ह्यांतील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्यानें, वीजप्रकल्पासाठीं घेतलेल्या जमिनीचा मोबदला अपुरा वाटून, जानेवारी २०१८ मध्यें मुंबईच्या मंत्रालयांत विष घेतलें आणि कांहीं दिवसांनीं त्याचा अंत झाला. विजेचा दर उतरविण्याच्या भरांत जमिनीचा हिशेब अपुरा राहिला तर तो कोणाच्या अंगावर पडतो, हें त्या घटनेनें साऱ्या महाराष्ट्रास दाखविलें.

तात्पर्य, विक्रमी कमी दराची बातमी वाचली म्हणजे सुज्ञ वाचकानें तीन गोष्टी विचाराव्या: मुदतींत वीज न दिल्यास विक्रेत्याची किती अनामत जप्त होते, पैसे वेळेवर देण्याची हमी घेणारानें काय दिली आहे, आणि जमिनीचा मोबदला आधीं चुकता झाला आहे काय. या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें निविदेच्या कागदांतच असतात, आणि हे कागद प्रसिद्ध होत असल्यानें तीं वाचण्यास कोणाचीच आडकाठी नाहीं.