कराओके ट्रॅक जमवताय? आधी पट्टी बघा

अमरावतीच्या संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवनात किंवा अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात कराओकेवर गायचं असेल, तर यूट्यूबच्या भरवशावर राहू नका. ऐन मुखड्यात नेट अडकलं की फजिती ठरलेली. ट्रॅक स्वतःजवळच हवेत.

जागा फार लागत नाही. ३२० केबीपीएसचं ५ मिनिटांचं एमपीथ्री साधारण १२ एमबीचं. हजार गाण्यांना १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. सीडीजी प्रकारात संगीत आणि शब्द अशा दोन फाइल्स असतात. त्यातल्या एकीचंच नाव बदललं, तर पडद्यावर शब्द येत नाहीत.

खरी गोची पट्टीची. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचं ‘मालवून टाक दीप’ लता मंगेशकरांनी गायलं. तोच ट्रॅक पुरुषाने घेतला, तर वरच्या सुरांत आवाज फाटतो आणि सप्तकभर खाली गेलं तर ऐकूच येत नाही. मग ट्रॅक चार-पाच अर्धस्वर उतरवावा लागतो. ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरवर हे घरबसल्या होतं. सेव्ह करताना नावातच ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ अशी पट्टी लिहा. स्टेजवर शोधाशोध नको.

मूळ गाण्यातून आवाज काढायची जुनी युक्ती स्टिरिओच्या मधोमध असलेला आवाज पुसते. जुनी भावगीतं बहुतेक मोनो, तिथे ती चालतच नाही. एआय अ‍ॅपना ते जमतं, पण गायकाची सावली मागे राहतेच. त्यापेक्षा वादकांनी नव्याने वाजवलेला, विकतचा ट्रॅक केव्हाही बरा. मात्र ट्रॅक विकत घेतला म्हणजे जाहीर कार्यक्रमाची परवानगी मिळाली, असं नाही. ते लायसन्स वेगळं.