आटू द्यावं असं तळं

वळवाचे सडाके होऊन गेले आणि जूनचा पाऊस लागला, की आंबोलीच्या जांभ्या कातळावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. त्या पाण्यात एक चिमुकला भेक अंडी घालतो. २००९ साली विज्ञानाला त्याची स्वतंत्र जात म्हणून ओळख झाली, आणि आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त उभयचरांच्या यादीत आहे. एवढ्या दुर्मीळ जिवाने भरवशाची विहीर किंवा बारमाही तळं सोडून हे डबकं का निवडावं? कारण ते आटतं. पाऊस सरल्यावर ज्या खळग्यात थेंब उरत नाही, त्यात मासे राहू शकत नाहीत, आणि जिथे मासे नाहीत तिथे बेडकांच्या अंड्यांना आणि नुकत्या निघालेल्या पिलांना जगण्याची संधी मिळते. सह्याद्रीतले आणि पठारावरचे कितीतरी बेडूक, चतुर आणि पाणकिडे अशाच तात्पुरत्या पाण्यावर वाढतात.

घराच्या परसात जीवांसाठी तळं करायचं तर हीच गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे बागेतलं तळं म्हटलं की निळ्या टाइल्स, मध्ये कारंजं, पाणी फिरवणारा पंप आणि लाल-पांढरे मासे असं चित्र उभं राहतं. ते दिसायला सुरेख असतं, पण रानातल्या जिवांना तिथे थारा नसतो. मी ज्या तळ्याबद्दल लिहितो आहे ते पावसाने भरतं, दिवाळीपर्यंत टिकतं आणि उन्हाळ्यात कोरडं पडतं. त्याला वीज लागत नाही.

एवढ्याशा पाण्याने काय साधणार, असं वाटू शकतं. दक्षिण इंग्लंडच्या शेतीच्या मुलखात संशोधकांनी नद्या, ओढे, चर आणि तळी यांची तुलना केली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सगळ्या प्रदेशाचा एकत्रित विचार केला तर पाणवनस्पती आणि पाणकिड्यांच्या सर्वाधिक जाती लहान तळ्यांमध्ये आढळल्या. नदीचं पाणी सगळीकडून येऊन मिसळतं, त्यामुळे तिच्या दोन ठिकाणांत फरक कमी. दोन तळी मात्र शेजारी असली तरी एकाचा तळ चिकणमातीचा, दुसऱ्याचा मुरमाचा, एकावर ऊन, दुसऱ्यावर सावली, आणि त्यामुळे त्यांतली वस्तीही वेगळी.

आता प्रत्यक्ष कामाकडे. चार मीटर लांब, अडीच-तीन मीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी दीड फूट एवढं तळं पुरे. जागा कमी असेल तर याच्या निम्म्यानेही काम भागतं. खोल जागा मधोमध न ठेवता एका टोकाला घ्यावी, म्हणजे दुसऱ्या बाजूला लांबलचक, सावकाश उतार मिळतो. या तळ्यातली सर्वांत वर्दळीची जागा हा उतारच. खोल पाण्यापेक्षा घोट्याएवढं पाणी आणि त्यालगतचा ओला चिखल इथे जास्त जीव येतात. मधमाश्या पोळं थंड ठेवायला पाणी नेतात, कुंभारीण माशी घरट्यासाठी चिखलाच्या गोळ्या उचलते, फुलपाखरांचे नर ओल्या मातीतले क्षार शोषतात, धोबी शेपटी हलवत काठावर किडे टिपतो. उभ्या भिंतींच्या तळ्यात यांपैकी कुणालाच पाय टेकायला जागा नसते.

उताराचं दुसरं कारण जीवनमरणाचं आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात प्लास्टिकचं अस्तर लावलेली शेततळी मोठ्या संख्येने झाली. शेतकऱ्याला त्यांचा आधार आहेच. पण गुळगुळीत, तिरक्या प्लास्टिकवरून घसरून आत पडलेल्या कोल्ह्याला, सशाला, प्रसंगी माणसालाही वर येता येत नाही. काठाला गाठी मारलेला दोर किंवा जाळी सोडली तरी जीव वाचतात. परसातलं तळं बांधतानाच ती चूक टाळता येते. तरीही घरात लहान मूल असेल तर तळ्याभोवती बांबूचं कुंपण घालावंच. वीतभर पाणीसुद्धा रांगत्या मुलाला धोक्याचं असतं.

पाणी धरून ठेवण्यासाठी सिमेंट लागतंच असं नाही. कोकणातला शेतकरी शतकानुशतकं भाताच्या खाचरात जी चिखलणी करतो, ती याच कामाची आहे. ओली माती तुडवली की ढेकळं फुटतात, मातीतली मोठी छिद्रं बुजतात आणि चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांवर दाटून बसतात. मग पाणी मुरण्याचा वेग पुष्कळ घटतो. खड्डा खणून तळाला हातभर चिकणमाती घालावी आणि पाणी शिंपडत घरातल्या सगळ्यांनी ती पायांनी तुडवावी. देशावरची काळी माती आणखी सोयीची. भिजली की तिच्यातली खनिजं फुगतात आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या पावसांतच मिटतात. जांभ्याच्या जमिनीत मात्र पाणी ठरत नाही. तिथे प्लास्टिकचं अस्तर घालावं लागतं, आणि त्यावर वीतभर मातीचा थर हवाच, म्हणजे उन्हाने प्लास्टिक तडकत नाही.

या थराचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो चतुरांच्या डोळ्यांशी जोडलेला आहे. सपाट पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो. आपल्याला हे दिसत नाही, चतुरांना दिसतं, आणि त्यावरूनच त्यांना उंचावरून पाणी ओळखता येतं. हंगेरीतले गाबोर होर्वाथ आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक वर्षं याचा अभ्यास केला. गाडीच्या चकचकीत टपावर किंवा डांबरावर पाणकीटक फसून अंडी घालतात, ते या प्रकाशामुळेच. गडद तळाच्या पाण्यावरून येणारा प्रकाश जास्त ध्रुवित असतो. फिक्या निळ्या टाइल्सच्या तळावरून वर येणारा उजेड त्यात मिसळला की ही खूण पुसट होते. म्हणजे चिखलाचा तळ चतुराला दुरून साद घालतो, निळा हौद घालत नाही.

चतुर आले की तळ्याचं खरं नाट्य सुरू होतं, आणि ते बहुतेक सगळं पाण्याखाली घडतं. अंड्यातून निघालेली अळी पंखांवाचून गाळात दबा धरून बसते. तिचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली दुमडलेला असतो, टोकाला आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की हा ओठ सेकंदाच्या छोट्याशा अंशात पुढे फेकला जातो आणि पकडलेला जीव तोंडाशी ओढला जातो. तिचे कल्ले गुदद्वाराच्या आतल्या पोकळीत असतात. श्वासासाठी ती तिथे पाणी ओढून घेते, आणि पळायची वेळ आली तर तेच पाणी जोरात मागे फेकून स्वतः पुढे झेपावते. डासांच्या अळ्या हा तिचा रोजचा आहार. वाढ पुरी झाली की रात्री किंवा पहाटे ती काडीवर चढते, पाठीवरची कात उकलते आणि आतून चतुर बाहेर येतो. रिकामी कात दिवसचे दिवस काडीला चिकटून राहते. मुलांना ती शोधायला जरूर सांगावं.

पावसाळ्याच्या अखेरीस अंगणावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर सगळ्यांनी पाहिले असतील. त्यांचं नाव वांडरिंग ग्लायडर. मालदीव बेटांवर उघड्यावरचं गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथे हे चतुर लाखोंनी कसे येतात, हा प्रश्न तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाला पडला. २००९ साली त्याने मांडलं, की ते भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेकडे जातात. तिथल्या पावसात नवी पिढी वाढते आणि पुढच्या पिढ्या परत इकडे येतात. हा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा असावा असा त्याचा अंदाज. या चतुराची अळी तात्पुरत्या पाण्यात दीड-दोन महिन्यांत वाढते. परसातलं पावसाळी तळं तेवढं टिकलं की या प्रवासाची एक सुरुवात तिथूनही होऊ शकते.

तळ्याला घरातून आणि शेजारून विरोध होतो तो डासांमुळे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास बहुतेक वेळा भांड्यांत वाढतो: टायर, करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी टिकतात. म्हणून तळं करणाऱ्याने आधी घराभोवतीची अशी भांडी उपडी करावीत. मात्र ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा एक डास पावसाच्या स्वच्छ डबक्यांतही वाढतो, तेव्हा मातीचं तळं आपोआप निर्धोक होतं असं मी म्हणणार नाही. उबदार पाण्यात डासाची अंड्यापासूनची वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि चतुरांच्या अळ्या मोठ्या व्हायला त्याहून वेळ लागतो. पहिले दोन-तीन आठवडे धोक्याचे.

या काळात दर तीन-चार दिवसांनी पांढऱ्या वाटीने काठाचं पाणी उचलून पाहावं. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर गाळणीने काढाव्यात. फारच झाल्या तर बीटीआय वापरावं. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांच्या आतड्यावर हल्ला करतो. योग्य मात्रेत बेडकांच्या पिलांना आणि चतुरांच्या अळ्यांना तो सहसा बाधत नाही. तोवर उडत येणारे शिकारी पाणकिडे हजर होतात. त्यांतला एक पाठीवर उलटा पोहतो, मागचे लांब पाय वल्ह्यांसारखे चालवत. इस्रायलमधल्याच संशोधकांना २०१० साली दिसलं, की हा कीटक पाण्यात जी रसायनं सोडतो त्यांच्या नुसत्या वासाने एका जातीच्या डासांच्या माद्या तिथे अंडी घालायचं टाळतात.

मग गप्पी मासे का सोडू नयेत? विहिरीत, बांधकामावरच्या हौदात त्यांचं समर्थन करता येईल. इथे नाही. गप्पी आणि त्यांचे भाईबंद गंबूसिया हे अमेरिका खंडातले. डासांच्या अळ्यांबरोबर ते बेडकांची अंडी आणि कोवळी पिलंही खातात. तळं ओसंडलं तर ते ओढ्यात जातात आणि तिथून त्यांना परत आणणं कुणाच्या हातात राहत नाही.

बेडकांना आमंत्रण लागत नाही. त्यांना पकडून आणूही नये. बेडकांची कातडी पोखरणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात २०११ साली नोंदली गेली, आणि एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात नेण्याने असे रोग पसरतात. आसपास कुठे ना कुठे बेडूक असतातच. तळ्यावर झुकलेली फांदी असेल तर झाडावरचा बेडूक तिच्यावर फेसाचं घरटं लटकवतो आणि त्यातली पिलं थेट पाण्यात टपकतात. बेडूक आले की दिवडही येईल. ती बिनविषारी आहे, तिला मारू नये. मात्र बेडकांमागे नागही येऊ शकतो, म्हणून तळं दारापासून थोडं लांब असावं आणि रात्री तिकडे जाताना हातात विजेरी असावी. तळ्यावर कायमचा दिवा मात्र लावू नये.

पाणी घटू लागलं की बेडकांच्या पिलांत काय होतं, हे अमेरिकेतल्या रॉबर्ट डेन्व्हर यांनी कोरड्या मुलखातल्या स्पेडफूट भेकांवर शोधून काढलं. ताणाची वार्ता मेंदूतल्या सीआरएच या संप्रेरकातून पुढे जाते, त्यातून थायरॉइड संप्रेरक वाढतं आणि रूपांतर लवकर उरकतं. किंमतही मोजावी लागते. असे बेडूक आकाराने लहान राहतात. म्हणून ऑगस्टमध्ये पावसाने मोठी ओढ दिली आणि पिलांना अजून पाय फुटले नसतील, तर साठवलेलं पावसाचं पाणी थोडं घालावं. नळाचं घालायचं झालं तर क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस उघडं ठेवून मगच.

वनस्पतींबाबत थोडक्यात सांगायचं तर वेखंड, नीरब्राह्मी, लव्हाळा आणि कोळसुंदा एवढ्या पुरे. कोळसुंद्यावर पीकॉक पॅन्सी फुलपाखरू अंडी घालतं. जलपर्णीला काठालाही येऊ देऊ नये, आणि कासच्या पठारावरून काहीही उपटून आणू नये. शेणखत वा सुपीक माती तळ्यात घातली तर शेवाळ माजतं. आंबा-फणसाखाली तळं केलं तर कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खातात.

पावसानंतर पुण्यासारख्या ठिकाणी वाफेवाटे रोज साधारण चार-पाच मिलिमीटर पाणी जातं. मुरण्याचा हिशेब धरला तरी दीड फुटाचं तळं दिवाळी पाहतं. नंतर ते खाली जाऊ लागलं की पाइप लावायचा मोह होतो, तो आवरावा. कोरड्या तळात जीव असतात. मागच्या पायांनी माती उकरून खाली जाणारे बेडूक तिथे उन्हाळा काढतात. परी कोळंबीची अंडी वर्षानुवर्षं धुळीत टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. या कोळंबीची एक नवी जात २०१४ साली सह्याद्रीच्याच नावाने नोंदली गेली. त्यामुळे मे महिन्यात तळं खरवडून साफ करू नये. गाळ फारच साचला तर तीन-चार वर्षांतून एकदा, तोही निम्म्याच तळाचा, वरवर काढावा. कुदळ खोल मारू नये. बेडूक निघाला तर उरलेल्या निम्म्यात ओल्या मातीखाली झाकावा आणि काढलेला गाळ काठाशीच पसरावा.