'ल'ची पाकळी कुणी ठरवायची?

वर्ध्यात १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. इ, उ, ए यांऐवजी 'अि, अु, अे' लिहिण्याची सुधारणा तिच्या पुस्तकांत दिसे. छपाईचे खिळे कमी लागावेत, हा एक हेतू. पण शाळांतली बाराखडी जुनीच राहिली आणि 'अि' मागे पडला. रोज डोळ्यांसमोर असते, तेच अक्षर टिकते.

आज पाटीची जागा पडद्याने घेतली आहे. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी 'ल'चा क्रमांक एकच. रूप फाँट ठरवतो. राज्य शासनाने २००९ साली पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवला, तरी अनेक फाँटांत न मागता मिळतो तो हिंदी वळणाचाच. काहींत मराठी रूप दडलेले असते. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली, की ते उमटते. सोय आहे, पण ती शोधणार कोण? बँकेत मी वर्षानुवर्षे पाहिले : फॉर्मवर आधीच छापलेला पर्याय खातेदार क्वचितच खोडतात.

निवडीचे स्वातंत्र्य असावेच. पण मराठी निवडलेल्या संगणकाने मराठी अक्षर आपणहून द्यावे. नाहीतर नातवंडे शाळेत एक 'ल' गिरवतील, पडद्यावर दुसरा वाचतील. आणि त्यांतला कुठला उरेल, हे वर्ध्याच्या 'अि'ने सांगून ठेवलेच आहे.