शिकाऊ विमान

नागपूरच्या दक्षिणेस बेसा हे गाव आहे. सोनेगावचा विमानतळ तेथून जवळच असल्यामुळे गावातील एखाद्या मुलाला रेडिओच्या लहरींनी चालणारे लहानसे विमान आपणही उडवावे, असे वाटले तर नवल नाही. पण तो विमानतळ हीच त्याची पहिली अडचण होय. २०२१ च्या नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंतचे आकाश निषिद्ध मानले जाते. सरकारी परवानगीवाचून तेथे असे विमान उडवता येत नाही. म्हणून नकाशा पाहून दूरचे मोकळे माळरान आधी शोधावे लागते.

दुसरी अडचण निवडीची. दुकानात लढाऊ विमानाची प्रतिकृती दिसली की नवशिक्याचे मन तिच्यावर जडते. परंतु ते विमान चपळ असते. चालवणाऱ्याची लहानशी चूकही ते क्षणार्धात वाढवते आणि जमिनीवर आदळते. शिकाऊ विमान नेमके याच्या उलट हवे. हातातील दांडी सोडून दिली तरी ते आपले आपण सावरले पाहिजे.

हा गुण पंखांच्या ठेवणीतून येतो. शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वरच्या बाजूस असतात आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. समोरून पाहिल्यास त्यांचा आकार उथळ द्रोणासारखा दिसतो. वाऱ्याच्या झोताने विमान एका बाजूस कलले की ते त्याच बाजूला घसरू लागते. तेव्हा खालच्या पंखाला वारा अधिक लागतो, तो पंख जास्त उचलला जातो आणि विमान पुन्हा सरळ होते.

विमान हलके व पंख मोठे असावेत, हेही तितकेच महत्त्वाचे. पंख तेवढेच ठेवून वजन चौपट केले, तर तरंगत राहण्यासाठी दुप्पट वेग लागतो. वेग वाढला की विचाराला वेळ उरत नाही. फेसासारख्या हलक्या पदार्थाचे विमान दिसायला साधे असेल. पण ते मोडले तर डिंकाने सांधता येते, आणि पहिल्या महिन्यात ते मोडणारच! शेजारी जाणकार माणूस असल्यास उत्तमच. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मुलांना विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचे व उडवण्याचे शिक्षण मिळते.

संथ विमानाची खरी किंमत ते परत फिरल्यावर कळते. दूर जाणाऱ्या विमानाची डावी-उजवी बाजू आणि आपली डावी-उजवी बाजू एकच असते. तेच विमान आपल्याकडे येऊ लागले की सारे उलटे होते. दांडी डावीकडे केली तर विमान आपल्या उजवीकडे वळते. येथेच पुष्कळांचे विमान पडते. यावर अनुभवी लोक एक युक्ती सांगतात : विमान समोरून येत असता त्याचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, म्हणजे तो पंख वर येतो. ही युक्ती आठवण्यास दोन-तीन क्षण लागतात. संथ विमान तेवढे क्षण देते.