जुना काळ बरा होता काय?

पारावर चार वयस्क माणसे बसली, की एक वाक्य हटकून ऐकू येते : "आमच्या वेळी असे नव्हते." मग यादी सुरू होते. दूध घट्ट होते, माणसे धट्टीकट्टी होती, शब्दाला किंमत होती, घराला कुलूप नव्हते. ऐकणारी तरुण पोरे एक तर हसतात, नाही तर "तुमच्या वेळी मोबाईल तरी होता का?" असे विचारून मोकळी होतात. दोन्ही पक्षांचे समाधान होते. जुना काळ कसा होता, हे मात्र कुणालाच कळत नाही.

हा प्रश्न आज आपण जरा नीट पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. साताऱ्याहून मेढ्याला आणि तिथून केळघरच्या घाटाने महाबळेश्वरला जो रस्ता जातो, तो वेण्णा नदीच्या खोऱ्यातला. वेण्णा महाबळेश्वरी उगम पावते, मेढ्यावरून येते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. हा जावळीचा मुलूख. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, हे शाळेतले पोरही सांगेल. पण या मुलखातल्या साध्या घरात दिवस कसा उजाडे आणि कसा मावळे, हे पुस्तकात सहसा नसते. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनच ऐकावे लागते.

माझी आजी मेढ्याजवळच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी घरात घड्याळ नव्हते. दिवसरात्र मिळून आठ प्रहर, प्रहर तीन तासांचा. किंवा साठ घटका, घटका चोवीस मिनिटांची, हे गणित जोशीबुवांचे. आजीचे घड्याळ म्हणजे कोंबडा. तो आरवला, की उठायचे आणि जात्याशी बसायचे. आता जाते म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना सांगावे लागते. खालची तळी स्थिर, तिच्या मधोमध खुंटी. वरची तळी त्या खुंटीभोवती फिरते. वरच्या तळीच्या तोंडात मूठमूठ दाणे घालायचे आणि खुंटा धरून ती ओढायची. दगड गुळगुळीत झाला, की पीठ जाडेभरडे पडते; मग जात्याला टाकी लावून घ्यायची. नाचणी असो, जोंधळा असो, घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचे पीठ उजाडायच्या आत पडले पाहिजे. भात असेल तर आणखी उखळ-मुसळ, पाखडणे, निवडणे. मग नदीवरून नाही तर झऱ्यावरून पाणी. मग चूल, मग शेत.

या जात्यावर बायकांनी ओव्या रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठी भाषेचे ते मोठे धन आहे, यात शंका नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा कोणत्या बाईने "मी आपली जात्यावरच दळते" म्हणून हट्ट धरला? मी आजीला एकदा विचारले, "जात्याची आठवण येते का गं?" ती म्हणाली, "ओव्यांची येते. जात्याची नाही."

आजीच्या या उत्तरात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते.

आता पावसाळा पाहा. महाबळेश्वराच्या पायथ्याचा हा मुलूख. इथला पाऊस एकदा लागला, की दिवसच्या दिवस उघडीप नाही. ओढे फुगले, नदी दुथडी भरली, की अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. म्हणून पावसाआधी बेगमी करायची : कणगीत धान्य, आडोशाला जळण आणि शेणी, मडक्यात मीठ, अंगावर घ्यायला इरले नाही तर घोंगडी. चार महिन्यांत काय काय लागेल, याचा हिशेब निरक्षर बाईच्या डोक्यात पक्का असे. लावणीला माणसे कमी पडली, तर आज सगळे मिळून याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात. याला इर्जिक म्हणतात. मजुरी नाही, जेवण आणि परतफेडीचा शब्द. आजारी माणसाला झोळीत घालून चिखलातून नेणारे खांदे शेजाऱ्यांचेच असत. पण झोळी वेळेवर पोहोचली नाही आणि बाळंतीण वाटेतच गेली, असेही होई. पहिली गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, दुसरी सांगत नाही.

बाजाराचे काय? रोजच्या व्यवहारात नाणे फार थोडे लागे. लोहाराने नांगराचा फाळ शेवटायचा, सुताराने औत दुरुस्त करायचे, चांभाराने मोट आणि वहाणा शिवायच्या, कुंभाराने मडकी द्यायची; आणि सुगीला खळ्यावर ज्याने त्याने आपले बलुते धान्यात न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात ही व्यवस्था बारकाईने मांडली आहे. शिक्षकांनी ते पुस्तक जरूर चाळावे. या व्यवस्थेत काम करणाऱ्याला उपाशी मरू न देण्याची सोय होती, हे खरे. पण कोणते काम करायचे हे जन्मानेच ठरलेले होते, हेही तितकेच खरे. गावकीची हलकी मानलेली कामे ज्यांच्या वाट्याला आली, त्या महार मंडळींना "नाही" म्हणण्याची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनात सुधारणा करण्याचे विधेयक मांडले. अशी वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

आणि पाणी? बाबासाहेबांचे बालपण आपल्याच जिल्ह्यात, साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. पुढच्याच वर्षी ते भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी एकजण दुप्पट भाड्याला तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. डब्यात जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. "पूर्वी वाटसरूला कुणी तहानलेला जाऊ देत नसत," असे म्हणताना मसूरची ती रात्र आठवावी.

मग आजचे सगळे उत्तम आहे, असे का म्हणायचे? तसेही नाही. दिवा लागला, गिरणी आली, एस.टी. आली. पण डोंगरातल्या तुटपुंज्या जमिनीवर भागेना, म्हणून याच जावळीतले हजारो पुरुष मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहायला गेले. त्यांच्यासारख्या कष्टकऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. ते मुंबईत राबत होते, तेव्हा गावाकडे शेत, गुरे आणि म्हातारीकोतारी सांभाळली ती घरच्या बाईने. कोयनेच्या धरणाने राज्याला वीज दिली. पण जावळी आणि पाटण तालुक्यांतली कितीतरी गावे त्याच पाण्याखाली गेली. तेव्हा आपण बटण दाबतो, तेव्हा त्या उजेडामागेही कुणाचे तरी सोडलेले घर असते.

तर सांगायचा मुद्दा असा. जुना काळ चांगला की आजचा, असा प्रश्न विचारला, तर भांडणाखेरीज हाती काही लागत नाही. त्याऐवजी, "त्या सुखासाठी कष्ट कोणाचे होते?" असे विचारावे. सकाळच्या भाकरीमागे कोण उठत होते? गावच्या स्वच्छतेमागे कोण राबत होते? हा प्रश्न जुन्या काळाला विचारता येतो, तसा आजच्यालाही. इर्जिकीतला शब्द, पावसाआधीचा हिशेब आणि जात्यावरची ओवी जपण्यासारखी आहे. जाते आणि जातीचा पाणवठा जपण्यासारखा नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, ते आपल्याला या प्रश्नावरून ठरवता येते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. येत्या सुट्टीत मुलांना एवढाच अभ्यास द्या. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क बाईला चार प्रश्न विचारायचे : पाणी कुठून आणायचात, दिवसाला किती खेपा? पीठ कसे व्हायचे? पावसात कुणी आजारी पडले तर काय करायचे? आणि कोणत्या पाणवठ्यावर कुणाला जाऊ देत नसत? उत्तरे तिच्याच शब्दांत वहीत उतरवायची. शब्द सुधारायचे नाहीत. या बायका आता थोड्या उरल्या आहेत. त्यांना यापूर्वी हे कुणी विचारलेले नसते. विचारले, की त्या भरभरून बोलतात. माझ्या आजीला मी चौथा प्रश्न कधी विचारला नाही. आता विचारता येत नाही.