पिकाच्या विम्याचे गणित

एका गावात शंभर घरे आहेत व प्रत्येकाची किंमत एक लाख रुपये आहे असे समजा. दर वर्षी त्यांतील एखादे घर आगीत जळते. प्रत्येक घराने वर्षाला एक हजार रुपये एका पेटीत टाकले, तर जमलेल्या एक लाखातून ते घर पुन्हा उभे राहील. एकाचे नुकसान सर्वांनी वाटून घ्यायचे, हेच विम्याचे तत्त्व होय. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. संकट सर्वांवर एकदम येता कामा नये, आणि पुढील वर्षे साधारणपणे मागील वर्षांसारखी असावीत.

आता बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा गावी चला. पावसाने महिनाभर ओढ दिली, तर येथे एकाच शेतकऱ्याचा कापूस वाळत नाही, साऱ्या शिवाराचा वाळतो. मग पिकाचा विमा कसा उतरवणार?

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी यावर एक तोडगा सुचवला. प्रत्येक शेत तपासण्याऐवजी सबंध परिसर हाच एक घटक मानावा. १९७९ मध्ये देशात या पद्धतीची प्रायोगिक योजना सुरू झाली. निवडक शेतांत ठरावीक मापाच्या तुकड्याची कापणी करून सरासरी उत्पन्न काढतात. मागील वर्षांवरून ‘उंबरठा उत्पन्न’ ठरवतात. समजा, ते हेक्टरी १० क्विंटल आहे आणि यंदा ६ क्विंटलच पिकले. तूट ४० टक्के, म्हणून विम्याच्या रकमेच्या ४० टक्के भरपाई.

पण हवाच बदलू लागली तर? तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा मुसळधार कोसळतो. मराठवाड्याने २०१५ व २०१८ मध्ये दुष्काळ सोसला, तर सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी व पूर. अशा वेळी मागील वर्षांवरून पुढचा अंदाज कसा बांधावा?

२०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याचा विमा घ्यायला एकही कंपनी पुढे येईना. तेव्हा नवा नियम आखून भारतीय कृषी विमा कंपनीकडे हे काम दिले गेले. हप्त्यापोटी १०० रुपये जमले आणि भरपाई १५० रुपये द्यावी लागली, तर ११० रुपये कंपनीने द्यायचे व ४० राज्य सरकारने. भरपाई ५० रुपयेच झाली, तर कंपनीने २० रुपये ठेवून ३० सरकारला परत करायचे. हाच ‘बीड पॅटर्न’. २०२२ पासून तो राज्यभर लागू झाला.

म्हणजे झाले काय? शंभर घरांची पेटी अपुरी पडली, म्हणून साऱ्या महाराष्ट्राची पेटी तिच्या मागे उभी केली.

तरीही एक अडचण उरतेच. वाईट वर्षे वारंवार आली, तर उंबरठा उत्पन्नच खाली येते आणि त्याबरोबर विम्याचे संरक्षणही घटते. विमा नुकसान वाटून घेतो, कमी करीत नाही. ते कमी करायचे तर पाणी अडवणे, जमिनीत ओल टिकवणे व कापसाबरोबर तुरीसारखे आंतरपीक घेणे, हे उपाय शेतातच करावे लागतात.