बिऱ्हाडांची बिनतारी

सायंकाळीं साडेआठाच्या सुमारास मुंबईंतील एखाद्या पांच मजली इमारतींत पाहावें. घरोघरीं राउटरचा दिवा लुकलुकत असतो. तरीहि एखाद्या बिऱ्हाडांत मेजावरील संगणकापुढें एक विद्यार्थी कपाळाला हात लावून बसलेला आढळतो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्याच रात्रीं संपावयाची असते, आणि पडद्यावरील पान तसूभरहि पुढें सरकत नसतें. वडील कंपनीला बोल लावतात. आजींचा संशय मात्र शेजाऱ्यांवर: आपलें वाय-फाय तेच चोरून वापरीत असावेत!

परवलीचा शब्द पक्का असतां अशी चोरी सहसा घडत नाहीं. शेजाऱ्यांचा संबंध आहे खरा, परंतु तो निराळ्या प्रकारचा. बिनतारी संदेशांची वाट कोणा एकाच्या मालकीची नसते. जिन्याप्रमाणें ती सर्व बिऱ्हाडांची सामाईक. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत भारतांत तेरा चॅनेल आहेत, पण लगतच्या दोहोंतील अंतर अवघें ५ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येकाला जागा लागते सुमारें २० मेगाहर्ट्झ. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल परस्परांत न मिसळतां चालविण्याचा प्रघात आहे. येथें एक गंमत आहे. दोन राउटर एकाच चॅनेलवर असले, तर दोघेहि बोलण्यापूर्वीं कान देतात व पाळीपाळीनें बोलतात. गति मंदावते, पण बोलणें पोहोंचतें. एक पहिल्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर असला, तर एकाचें बोलणें दुसऱ्याला नुसता गोंगाट वाटतें. गर्दी टाळण्यासाठीं मधलाच आंकडा निवडणारा गृहस्थ अशा रीतीनें स्वतःचेंहि नुकसान करतो.

तथापि सारा दोष हवेवर ढकलण्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून तो संगणकाशेजारीं ठेवावा व तेंच पान उघडावें. मोबाईल तेथें चालला, तर दोष बहुधा संगणकाकडे. तेथें अडला व राउटरजवळ चालला, तर मधल्या भिंती किंवा शेजारचा गोंगाट. राउटरला तारेनें जोडलेला संगणकहि अडला, तरच कंपनीला फोन करावा.

मेजावरील संगणकाच्या बाबतींत पहिली शक्यता फार वेळां खरी ठरते. त्याची पेटी पत्र्याची, अँटेना तिच्या पाठीमागें, आणि पेटी मेजाखालीं भिंतीला टेकलेली. लहरी यावयाच्या त्या पत्रा चुकवून! अँटेनाऐवजीं बोटाएवढा डोंगल असून त्याच्या लगत यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर पंचाईत आणखीच वाढते. त्या जोडणींतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच विद्युत्-गोंगाट निघतो, हें इंटेल कंपनीनें २०१२ सालीं दाखवून दिलें. हातभर एक्स्टेन्शन वायरीनें डोंगल मेजावर आणून ठेवला कीं कित्येकदां काम भागतें.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा. भिंत त्याला जास्त अडविते. पण मग शेजाऱ्यांचा गोंगाटहि त्याच भिंतींत अडतो. जुन्या संगणकाला मात्र पुष्कळदां हा पट्टा ठाऊकच नसतो. मोबाईलला दिसणारें नांव त्याच्या यादींत उमटत नाहीं, आणि घरचीं माणसें विनाकारण राउटर बंद-चालू करीत बसतात.

खरें पाहतां, जो संगणक जागचा हलत नाहीं त्याला बिनतारीची गरज काय? तांब्याची नेटवर्कची तार १०० मीटरपर्यंत चालते, आणि मुंबईंतलें बिऱ्हाड काहीं एवढें मोठें नसतें. मुदतीच्या रात्रीं तर सरळ उंबऱ्यावरून तार ओढावी, आजींचा पाय अडखळूं नये म्हणून तिच्यावर पायपुसणें टाकावें आणि अर्ज पाठवून द्यावा. चॅनेल बदलण्याविषयीं शेजाऱ्यांशीं सकाळीं बोलतां येतें.